कस्तुरबाईंची अठ्ठाई

"काकू, हा दात मी काढणार नाही," हर्षाली डॉक्टर म्हणाली आणि तिनं हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवून दिला.

कस्तुरबाई खुर्चीत आडव्या होत्या. तोंड उघडंच होतं. ते मिटायचं म्हणजे गाल हलवायचा, आणि गाल हलला की काय होईल याचा नेम नव्हता. त्यांनी बोटानंच उजवीकडची वरची दाढ दाखवली. हीच. आधीच्या एका डॉक्टरनं हिच्या शेजारच्या दोन उपटून हातात दिल्या होत्या आणि दुखणं जसंच्या तसं राहिलं होतं. तेव्हा चोर हीच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्यासाठी घोडेगावहून मंचरला त्या एसटीनं एकट्या आल्या होत्या. घरी प्रवचनाला जाते म्हणून सांगितलं होतं. वाटभर पदर गालापासून बोटभर लांब धरून ठेवला होता, कारण वारं लागलं तरी कळ उठायची आणि पदर लागला तरी उठायची.

"दात चांगलेत तुमचे. माझ्यापेक्षा चांगले," हर्षाली म्हणाली. पोरगी वयानं लहान होती, पण घाईची नव्हती. स्टूल ओढून शेजारी बसली. "मला सांगा, दुखतं ते कसं दुखतं?"

"करंट लागल्यावानी," कस्तुरबाई ओठ न हलवता बोलायला शिकल्या होत्या. "ओठापासनं निघतं ते डोळ्यापर्यंत. येतं नि जातं. परत येतं."

"कशानं येतं?"

"चावलं की. बोललं की. तोंड धुतलं की."

एवढं बोलल्या आणि कळ आलीच. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला, डोळे मिटले, श्वास थांबवला. गेली. डोळ्यांतून पाणी ओघळलं ते पुसायचीही सोय नव्हती, म्हणून ते हनुवटीपर्यंत जाऊ दिलं.

हर्षाली हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "काकू, हे दाताचं दुखणं नाही. चेहऱ्याच्या नसेचं आहे, आणि ती नस मेंदूपासून निघते. मी चिठ्ठी देते, पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

कस्तुरबाईंनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. मेंदूचं नाव ऐकून माणूस घाबरतो. या बाईंना मात्र हायसं वाटलं. दोन वर्षं ज्यानं त्यानं त्यांना काहीच नाही म्हणून सांगितलं होतं. दुखण्याला पत्ता आहे असं सांगणारी ही पहिलीच भेटली होती.

आता ही दोन वर्षं घरात कुणाला काही दिसलं नाही का, असं कुणीही विचारील. दिसलं की. पण काय दिसलं ते महत्त्वाचं.

पारसमल शेठ म्हणजे घोडेगावच्या पेठेतलं जुनं दुकान. आजोबा मारवाडातून आले आणि हिरड्याच्या व्यापारात इथंच रुजले. डोंगरातल्या गावांतून हिरडा यायचा, गोडाऊनमध्ये वाळायचा, निवडला जायचा आणि ट्रकनं बाहेर जायचा. तीन पिढ्यांत मराठी इतकी मुरली होती की शेठ रागावायचेसुद्धा मराठीतच. मारवाडातून आलेलं एकच टिकलं होतं, ते म्हणजे जैन धर्म. पाणी उकळून, सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा उंबऱ्याबाहेर.

अशा घरात बाई जेवेनाशी झाली तर ती आजारी आहे असं कुणाच्या मनातच येत नाही. तिचे धर्माचे भाव चढलेत म्हणतात. कस्तुरबाईंनी भाकरी सोडली, पोळी सोडली, मुगाच्या पाण्यावर आल्या. शेठ म्हणाले, रसत्याग करते आहे. बोलणं कमी केलं. शेठ म्हणाले, मौन धरलंय. तोंडापुढं पदर धरायला लागल्या. शेठ स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनागृहात, सांगून आले की हवेतला बारीक जीवसुद्धा मरू नये म्हणून जपते. प्रत्येक लक्षणाला शास्त्रात जागा होती, त्यामुळं दवाखान्यात जायचं कारणच उरलं नाही. कस्तुरबाई "दुखतंय" म्हणत नव्हत्या असं नाही. पण म्हणायला तोंड उघडावं लागे, आणि उघडलं की पुढचं वाक्य कळ खाऊन टाकी. "दात दुखतोय" एवढं पोचलं, दोन दाढा गेल्या, आणि विषय मिटला.

पुण्याला जायचं त्यांनी ठरवलं आणि गेल्या. मुलगा प्रितम गाडी घेऊन आला, सून राखी बरोबर आली. शेठ दुकान सोडून येणार नव्हते, ते आले नाहीत.

मोठ्या दवाखान्यातल्या बाकावर बराच वेळ बसावं लागलं. कस्तुरबाईंना बोलता येत नव्हतं, पण ऐकायला कुणाची ना नव्हती. शेजारी पिंपळवंडीची एक बाई फेरतपासणीला आली होती. तिच्या डोक्यात पाणी साठायचं. चालताना पाय जमिनीला चिकटायचे, लघवीचं भान राहायचं नाही. घरचे म्हातारपण म्हणून सोडून बसले होते. मग डोक्यातून पोटात एक बारीक नळी टाकली, आणि आता ती बाई पायऱ्या चढून वर आली होती. पलीकडं जुन्नरचा एक माणूस होता. शेडवरून पडला, उठला, हात झटकून कामाला लागला. महिन्यानं बोलताना शब्द सापडेनात. कवटीच्या आत रक्त साकळून मेंदू दाबला गेला होता. भोक पाडून ते काढलं, आणि आता तो गडी सगळ्यांना आपली टाळू दाखवत हिंडत होता. कुणाला गाठ होती, कुणाच्या पोराला फिट येत होत्या. कस्तुरबाई एकेकाकडं पाहत होत्या. डोकं उघडलेली माणसं चहा पीत होती, भांडत होती, पावती हरवली म्हणून बायकोवर खेकसत होती. त्यांच्या मनातली अर्धी भीती त्या बाकावरच गेली.

सर्जननी एमआरआयचा फोटो उजेडावर धरून समजावलं. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथं बाहेर पडते, तिथंच एक रक्तवाहिनी तिला टेकली होती. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटत होती. आपटून आपटून नसेचं वरचं आवरण झिजलं होतं, म्हणून साध्या स्पर्शाचीही कळ होत होती.

"आधी गोळ्यांनी बघू," ते म्हणाले. "बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं."

कस्तुरबाईंचं भागलं नाही. गोळ्यांनी कळ कमी झाली, पण घर फिरायला लागलं. चहात मीठ पडलं, दोनदा न्हाणीत तोल गेला, रक्तातलं मीठ उतरलं म्हणून चार दिवस सलाईन लागलं. गोळी कमी केली की कळ परत. तेव्हा सर्जननी ऑपरेशन सांगितलं. उजव्या कानामागं एक छोटं भोक, तिथून आत जाऊन रक्तवाहिनी बाजूला सारायची आणि दोघींच्या मध्ये कापसासारखा मऊ बोळा ठेवायचा. मेंदू कापायचा नाही, फक्त त्याच्या कडेनं जायचं.

"धोका?" प्रितमनं विचारलं.

"आहे. मेंदूजवळचं काम आहे, नाही कसं म्हणू? जिवाचा धोका कमी आहे, पण आहे. आणि कानाची नस अगदी शेजारून जाते. त्या बाजूचं ऐकू येणं जाऊ शकतं."

कस्तुरबाईंनी प्रितमच्या हातातला पेन घेतला आणि चिठ्ठीच्या मागं लिहिलं, "तारीख द्या." तारीख पर्युषणाच्या आठ दिवसांनंतरची मिळाली.

घरी मात्र आभाळ कोसळलं. शेठ दोन दिवस जेवले नाहीत, आणि त्यांचं न जेवणं मात्र सगळ्यांना लगेच कळलं.

"कवटी फोडायची म्हणजे गंमत हाय का?" ते प्रितमला म्हणाले. "टेबलावरनं उठली न्हाई तर? उठली आन् मला वळखलं न्हाई तर? त्यापेक्षा दुखतंय तेवढं दुखू दे. भोगून संपतं कर्म."

शेवटचं वाक्य धर्माचं होतं, पण आधीची दोन भीतीची होती, हे कस्तुरबाईंना कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाची भीती कुठल्या कपड्यात येते हे बायकोला कळतंच. त्यांना त्यांची दया आली, पण तारीख त्यांनी बदलली नाही.

मग पर्युषण आलं. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांबरोबर कस्तुरबाईंनीही एक उपवास केला. सूर्य मावळेपर्यंत नुसतं उकळलेलं पाणी, दुसरं काही नाही, गोळीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी राखीनं मुगाचं पाणी पुढं केलं. पहिल्या घोटाला कळ आली ती वाटी हातातून पडेपर्यंत. त्यांनी वाटी उचलली, पुसली, आणि स्थानकात जाऊन तिथल्या साध्वी महासतीजींकडून दुसऱ्या उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे नेम, घेतलं. उपवासाचा एक फायदा होता. कुणी "एक घास खा" म्हणत नव्हतं.

दोन झाले की बेला, तीन झाले की तेला, आठ झाले की अठ्ठाई. एकेक दिवस वाढत गेला. पाचव्या दिवशी स्थानकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. सहाव्या दिवशी बायका साता, म्हणजे खुशाली, विचारायला घरी यायला लागल्या, तपाची गाणी म्हणायला लागल्या. कस्तुरबाई पाटावर भिंतीला टेकून बसायच्या. गोळ्या बंद असल्यामुळं आता काही न करताही कळ यायची. डोळ्यांतून पाणी आलं की बायका एकमेकींना कोपरानं खुणावायच्या, "बघा, काय भाव आहेत." शेठ दारात उभे राहून सगळ्यांचं स्वागत करत होते. इतक्या वर्षांत स्थानकात मागच्या रांगेत बसणाऱ्या माणसाला लोक पुढं बोलवायला लागले होते. माणसाला बरं वाटणारच.

सातव्या दिवशी दुपारी साळुबाई वर आली. ही गोडाऊनमध्ये हिरडा निवडायची. माहेर आहुप्याचं, नांदायला घोडेगावात आलेली. दारातच बसली आणि कस्तुरबाईंकडं टक लावून बघत राहिली.

"शेठाणी, सात दिस झालं म्हनं."

कस्तुरबाईंनी मान हलवली.

"धन्य हाय तुमची. मला न्हाई बाई जमायचं. शिवरातीला भीमाशंकरला जाते ना मी चालत, तवा सकाळधरनं डोळ्याफुडं नुसती भाकर नाचती. देवाच्या पिंडीवर बेल टाकते आन् मनात म्हनते, कधी एकदा घरला जाते आन् भाकर खाते." ती आपल्याशीच हसली. "तुमाला न्हाई व्हत तसं? भूक न्हाई लागत?"

ती सहज विचारून गेली. खाली गोडाऊनमध्ये तिला काम होतं. कस्तुरबाई मात्र पाटावर तशाच बसून राहिल्या. भूक लागते का? त्यांनी आत डोकावून पाहिलं. भूक नव्हती. सात दिवसांत एकदाही भाकरी आठवली नव्हती. उलट ती समोर येणार नाही याचंच सुख होतं. जे हवंहवंसं वाटतं ते सोडणं म्हणजे तप. ज्याला भ्यायचं तेच टाळलं तर त्याला तप कसं म्हणायचं? त्या रात्री उशिरापर्यंत नाही, पण झोप लागेपर्यंत हे त्यांच्या डोक्यात घोळत होतं. तरीही त्या गप्प राहिल्या असत्या. लोकांना आनंद होतोय, शेठना आनंद होतोय. उद्याचा दिवस, मग पारणं, मग पुणं.

आठव्या दिवशी, क्षमा मागायच्या संवत्सरीला, स्थानक भरून गेलं होतं. प्रवचन झालं, तपस्वींचा सत्कार सुरू झाला. कस्तुरबाईंना पुढं बसवलं. अध्यक्षांनी शाल आणली. ती खांद्यावर घालताना तिची किनार गालाला लागली आणि कस्तुरबाईंनी दातावर दात दाबले.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "या माउलीला पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचं ऑपरेशन सांगितलं होतं. पारसमलजींनी मला सकाळी सांगितलं, आठ दिवस एक गोळी नाही. तपाच्या शक्तीनं दुखणं जिंकलं. आता ऑपरेशनची गरज उरलेली नाही. खूब खूब अनुमोदना."

सगळ्यांनी अनुमोदना म्हटलं. कस्तुरबाईंनी शेठकडं पाहिलं. शेठनी नजर खाली घातली, पण चेहरा उजळलेला होता. तारीख रद्द करायची त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, आणि ते बायकोच्या आधी अध्यक्षांना सांगितलं होतं.

एवढ्यात डिंपल पुढं आली. शेजारच्या कापडवाल्यांची सून. कडेवर श्रेया, तिची चार वर्षांची मुलगी. श्रेयाला फिट यायच्या. गेलं वर्षभर गोळ्यांवर होती, त्यामुळं थांबल्या होत्या, पण पोर सुस्त असायची. डिंपल कस्तुरबाईंच्या पाया पडली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्याकडं बघून मी ठरवलंय. उद्यापासून श्रेयाच्या गोळ्या बंद करते. तिच्या नावानं मीच आयंबिल करीन, एकवेळ अळणी खाऊन राहीन. तुमच्या तपानं एवढं झालं, माझ्याही होईल ना?"

कस्तुरबाईंनी श्रेयाकडं पाहिलं. पोरगी शालीच्या जरीला हात लावत होती. पुण्याच्या बाकावर एक आई भेटली होती. तिनंही पोराच्या गोळ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून थांबवल्या होत्या, आणि पोर नंतर आठवडाभर शुद्धीवर आलं नव्हतं. ती बाई काय बोलली होती ते कस्तुरबाईंना शब्दन् शब्द आठवलं.

त्या उठल्या. आठ दिवसांचा उपवास होता, राखीनं दंड धरला. त्यांनी तोंडापुढचा पदर खाली घेतला. स्थानकात माईक नसतो. बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागणार होतं, आणि पूर्ण तोंड उघडून.

"हे तप न्हाई," कस्तुरबाई म्हणाल्या.

कळ आली. त्या थांबल्या. कळ गेली.

"माझ्या चेहऱ्याची नस दुखते. चावलं की दुखते, बोललं की दुखते. आत्ताबी दुखतीय. म्हणून मी जेवत न्हाई. म्हणून बोलत न्हाई. मौन बिऊन काय नव्हतं."

पुन्हा कळ. यावेळी मोठी. त्यांनी राखीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाजल्या. कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. त्या बसल्या नाहीत.

"दुखणं गेलेलं न्हाई. गोळी सोडली तर वाढलंय. माझ्याकडं बघून कुणी औषध सोडायचं न्हाई." त्यांनी डिंपलकडं बोट केलं. "तू तर न्हाईच. पोरीची गोळी आज रात्रीबी द्यायची, उद्याबी द्यायची. आयंबिल तुझं तू कर. मी ऑपरेशन करणार आहे. तारीख ठरलीय, ती ठरलीच."

गालावरून पाणी वाहत होतं. त्यांनी शाल काढून घडी घातली, अध्यक्षांसमोर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "आज संवत्सरी आहे. तुमी सगळ्यांनी मला तपस्वी म्हटलं, मी गप बसले. मिच्छामि दुक्कडम."

त्या दिवशी सगळेच सगळ्यांना हे क्षमेचे शब्द म्हणतात, सवयीनं म्हणतात. कस्तुरबाईंनी ते सवयीनं म्हटले नव्हते. मग पाटावरून महासतीजीच बोलल्या. सावकाश म्हणाल्या, की आजारात औषध घेण्यात दोष नाही, आम्हा साध्वींनाही ते घ्यावं लागतं. आणि खरं बोलायला एवढं दुखत असताना जी बोलली, तिची आज आपण सगळ्यांनी क्षमा मागावी. त्यांनी स्वतः हात जोडले. डिंपल रडायला लागली, श्रेया तिच्याकडं बघून रडायला लागली, आणि त्या रडण्यानं सभा पुन्हा माणसांची झाली.

घरी येताना शेठ चार पावलं पुढं चालत होते. रागावले की ते पुढं चालायचे. पेठेच्या वळणावर थांबले.

"मला तरी सांगायचंस," ते म्हणाले.

"दोन वर्षं सांगत होते. तुमी मौन समजलात."

घरी आल्यावर त्यांनी पगडी खुंटीला लावली, बराच वेळ ओसरीत बसून राहिले, आणि मग प्रितमला हाक मारून म्हणाले, "गाडी सकाळीच काढ. डाक्टरला इचारू, आठ दिवस गोळी न्हवती, चालतंय का. मी येतो संगं."

सर्जननी गोळ्या अचानक बंद केल्याबद्दल सगळ्यांना झापलं, सगळ्यात जास्त शेठना, आणि शेठनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. कस्तुरबाईंना ताकद यावी म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. ऑपरेशनच्या सकाळी कानामागचे केस काढायला माणूस आला. तो वस्तरा चालवताना शेठ बाहेर गेले. त्यांना ते बघवलं नाही. कस्तुरबाई आरशात बघत होत्या. आत नेताना शेठनी ट्रॉलीचा दांडा धरला आणि सोडेनात. नर्सनं दोनदा सांगितलं. शेवटी कस्तुरबाईंनीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

शुद्ध आली तेव्हा डोकं जड होतं, मळमळत होतं. नर्सनं ओल्या कापडानं चेहरा पुसायला घेतला. कापड उजव्या गालावर आलं आणि कस्तुरबाईंनी चादर मुठीत धरली. दोन वर्षांची सवय होती ती. कापड हनुवटीवर गेलं, मानेवर गेलं. काहीच झालं नाही.

"परत पुसा," त्या म्हणाल्या.

नर्सनं परत पुसलं. कस्तुरबाई हुंदके देऊन रडल्या. नर्सला वाटलं दुखतंय.

उजव्या कानानं ऐकू येत नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. शेठ त्या बाजूला बसून बराच वेळ काहीतरी सांगत होते आणि त्यांना फक्त ओठ हलताना दिसत होते. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं, सहा महिने वाट बघायला सांगितलं. सहा महिन्यांनीही तो कान आला नाही. शेठना फार लागलं. कस्तुरबाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पहाटे उजव्या कुशीवर झोपल्या की पाखरं ऐकू यायची, डाव्या कुशीवर झोपलं तर सगळंच जायचं. पण सौदा आधी सांगून झाला होता, आणि व्यापाऱ्याच्या घरात सांगून झालेल्या सौद्याबद्दल रडायची पद्धत नाही. शेठनी आपली खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला आणून ठेवली. भांडण निघालं की कस्तुरबाई उजवा कान पुढं करून बसायला लागल्या.

पुढचं पर्युषण आलं. कस्तुरबाईंनी या वेळी कुणाला काही सांगितलं नाही. पहाटे महासतीजींकडून एका उपवासाचं पच्चक्खाण घेतलं आणि घरी येऊन कामाला लागल्या. राखी तव्यावर खाकरे भाजत होती. कडक, पातळ, मेथीचे. वर्षभर कस्तुरबाईंनी ते इतके खाल्ले होते की राखी थट्टेनं म्हणायची, मम्मी, दुकानात विकायला नको, घरातच गिऱ्हाईक आहे. वास घरभर पसरला. कस्तुरबाई उठून खाली गोडाऊनमध्ये गेल्या.

साळुबाई हिरडा निवडून दमली होती. पोत्याला टेकून तिनं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, एक कांदा. तो तिनं गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला.

"शेठाणी, चतकोर घेता? कांदा लांब ठिवते."

"आज उपास आहे."

साळुबाईचा हात थांबला. "आमाला कुनी बोललं न्हाई." तिनं फडकं परत बांधायला घेतलं.

"कशाला बांधतेस? खा."

"तुमच्या म्होरं? आन् भूक लागली तर तुमाला?"

कस्तुरबाईंच्या पोटात सकाळपासून काहीतरी खवळत होतं. आता त्या भाकरीच्या पापुद्र्याकडं त्या बघत होत्या, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं. अगदी लहान मुलासारखं. डोळ्यापुढं खाकरे होते, भाकरी होती, उद्या सूर्य उगवल्यावर पहिला घास कोणता घ्यायचा याची यादी होती.

"लागलीय," त्या म्हणाल्या. "लई."

साळुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याची फोड तोंडात टाकली आणि कराकरा चावायला लागली. ती उजवीकडं बसली होती. कस्तुरबाई उठल्या, हिरड्याच्या पोत्याला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि डावा कान तिच्याकडं करून बसल्या.